माझ्या आधी त्या जागेवर

सलग तीन दिवस तो म्हातारा मला दिसला. धोतर, मळकी पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी. पहिल्या दिवशी तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसला होता. मी जवळून गेले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढली नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टेशन रोडवरून पायी घरी येत होते, तर तो रस्त्याच्या पलीकडून माझ्याच चालीने येत होता. मी कटलरीच्या दुकानापाशी थांबले, तोही थांबला. तिसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं. आईने खिडकीतून पाहिलं.

"खेड्यावरचं माणूस दिसतंय," ती म्हणाली. "कोणाची तरी वाट पाहून राह्यलंय."

वाट तो माझीच पाहत होता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. मी औरंगाबादच्या विद्यापीठातून इंग्रजीत एम. ए. होऊन जालन्याला परत आले होते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. नवीन जालन्यात रेल्वेच्या बाजूला दोन खोल्यांचं भाड्याचं घर. आमच्या वस्तीत सगळी बौद्धांची घरं, आणि त्या सगळ्या घरांत इंग्रजीत एम. ए. झालेली मी पहिली. त्यामुळे मला नोकरी लागणं ही एकट्या माझी गोष्ट राहिली नव्हती. येताजाता कोणीही विचारायचं, "काय झालं तुमच्या नोकरीचं?" दोन वर्षं मी जिल्ह्यातल्या शाळा आणि ज्युनिअर कॉलेजं फिरले. काही ठिकाणी मुलाखत व्हायच्या आधीच शिपाई हळूच सांगायचा, "ताई, जागा ठरलेली आहे. उगं बसू नका."

मग एका रविवारी वडिलांनी पेपरातली छोटी चौकोनी जाहिरात मला दाखवली. परदेशातल्या शाळेसाठी इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिका पाहिजेत, पदवीधर, अनुभवाची अट नाही. अर्ज नवीन जालन्यातल्याच एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये द्यायचे होते. तिथला मालक मुंबईच्या एका ऑफिसचा एजंट होता. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे चांगल्या शाळा आहेत, आणि आमच्याकडची माणसं तिथे नोकऱ्या करून सुखाने परत आलेली आहेत.

मुलाखत इन्स्टिट्यूटच्या आतल्या खोलीत झाली. बाहेर टाइपरायटरांचा खडखडाट चालू होता. मुंबईहून आलेल्या माणसाने मला इंग्रजी पुस्तकातला एक उतारा वाचायला दिला. मी दोन ओळी वाचल्या असतील, तेवढ्यात तो म्हणाला, "बस, बस. ठीक आहे." व्याकरण, शिकवण्याची पद्धत, आवडता विषय, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. त्याने विचारलं, "भाऊ किती?"

"एक. माझ्याहून लहान. शाळेत आहे."

"घरी फोन आहे?"

"नाही."

"नात्यात कोणी पोलिसात, कोर्टात?"

"नाही."

"लग्न ठरलंय? कोणी पत्रं लिहिणारं?"

मला राग आला, पण मी नाही म्हटलं. त्याने समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, "एका जागी राहायची सवय आहे ना? तिथं बाहेर हिंडणं-फिरणं नसतं. मुली रडतात पहिल्यांदा."

मी म्हटलं, मी हॉस्टेलवर राहिलेली आहे, मी रडत नाही. तो हसला. मी शाळेबद्दल विचारलं, वर्ग किती, मुलं किती वयाची. "तिथं गेल्यावर कळंल सगळं," तो म्हणाला.

तेव्हा मला या प्रश्नांत वावगं काही दिसलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला हवी म्हटलं होतं. पंधरा दिवसांत नेमणुकीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की जागा तातडीने भरायची आहे, उमेदवाराने लवकरात लवकर निघण्याची तयारी ठेवावी. माझा पासपोर्ट एजंटने व्हिसासाठी म्हणून ठेवून घेतला. शेजारच्या बायका येऊन आईच्या हातावर साखर ठेवून गेल्या. मी वडिलांसोबत जुन्या जालन्यात जाऊन एक मोठी बॅग घेतली. आई रोज त्या बॅगेत एकेक वस्तू घालायची आणि परत काढायची. जायला तीन आठवडे उरले होते, आणि तेव्हाच तो म्हातारा दिसू लागला.

चौथ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, त्याने आमची कडी वाजवली. वडील नुकतेच शाळेतून आले होते.

"गुरुजींचं घर हेच का?"

वडील म्हणाले, "हो. या, बसा. कुठून आलात?"

"धावड्याहून. भोकरदन तालुका." तो उंबऱ्यात घुटमळला. मग चपला काढून आत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे त्याने एकदा पाहिलं.

धावड्याचा शेतकरी, घरची जमीन असलेला, त्या वयाचा माणूस. त्याच्या गावातल्या आमच्या माणसांच्या दारात तो कधी गेला असेल असं मला वाटत नाही. आईच्या मनातही तेच आलं असणार. तिने चाचरत विचारलं, "पाणी देऊ का?"

"द्या की, माय," तो म्हणाला आणि तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी प्याला. नंतर आईने मला सांगितलं, त्याला तसं पाणी पिताना पाहिलं तेव्हाच तिच्या मनात आलं, एवढ्या माणसाला एवढी गरज कशाची पडली असेल?

वडील त्याला पाटील म्हणाले नाहीत, दादा म्हणाले. "बोला दादा. काय काम काढलं?"

तो माझ्याकडे पाहायचा, आईकडे पाहायचा, कोपऱ्यातल्या नव्या बॅगेकडे पाहायचा. शेवटी म्हणाला, "या ताईंना मी त्या टायपिंगवाल्याकडं पाह्यलं. पाकीट घेताना. त्या परदेशात जाऊन राह्यल्या ना? शाळेवर?"

"हो. पुढच्या महिन्यात."

"माझी लेक बी तिथंच गेल्ती."

त्याने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. वरचाच कागद मी ओळखला. तसाच कागद आमच्या कपाटात होता. तीच शाळा, तोच मजकूर, तीच खालची गोल सही. फक्त नाव दुसऱ्या बाईचं आणि तारीख चौदा महिन्यांपूर्वीची.

त्याची लेक जालन्याच्या कॉलेजात शिकून इंग्रजीत पदवीधर झाली होती. लग्न होऊन दोन वर्षांत ती माहेरी परत आली. घरात भावजया होत्या, त्यांचं बोलणं होतं. तिने ती जाहिरात पाहिली आणि अर्ज केला. "भाऊ न्हाई म्हणत व्हते," म्हातारा म्हणाला. "मीच म्हणलं, जाऊ द्या. मी सही केली."

तिची चार पत्रं आली होती. पहिली तीन मराठीत. पहिल्यात विमान, वाळू, शाळेच्या भिंतीचा रंग, मुलांचे उच्चार. दुसऱ्यात मुलं कमी झाल्याचं लिहिलेलं. तिसरं अर्धं पान होतं. चौथं सहा महिन्यांपूर्वी आलेलं, आणि त्यानंतर काहीच नाही.

"हे वाचा ताई," त्याने चौथं पत्र माझ्या हातात दिलं. "गावच्या मास्तरनं वाचलं. म्हणला, पोरगी खुशाल हाय. पर तुम्ही वाचा."

पत्र इंग्रजीत होतं. पाचसहा ओळींचं. मी खुशाल आहे. शाळा चांगली आहे. इथले लोक माझी काळजी घेतात. जुन्या पत्त्यावर पत्र लिहू नका. माझी चिंता करू नका. खाली सही.

मी मराठीत सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष मजकुरात नव्हतं.

"अक्षर तिचंच हाय," तो म्हणाला. "बराबर तिचंच. पर मला इंग्रजी येतं का? घरात कोणालाच येतं का? मंग ती मला इंग्रजीत कशाला लिहील?"

मला ते कळायला थोडा वेळ लागला आणि कळलं तेव्हा हातातला कागद खाली ठेवावासा वाटला. ते पत्र त्याच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. पाकिटात घालायच्या आधी ते दुसरं कोणीतरी वाचणार होतं, आणि त्या माणसाला मराठी येत नव्हती.

म्हातारा उठला. जाताना दारात माझ्याकडे वळून म्हणाला, "जाल तर तिला बघा. न्हाई तर..."

तो गेल्यावर वडील म्हणाले, "तू जायचं नाही."

आणि मी, हे लिहायला आज लाज वाटते, त्यांच्याशी भांडले. मी म्हटलं, पत्र इंग्रजीत आहे म्हणून कोणी मरत नाही. तिची काहीतरी कौटुंबिक भानगड असेल. सासर सोडून आलेली बाई, तिला घरी परत यायचं नसेल. हे सगळं मी मोठमोठ्याने बोलले, कारण मला बॅग रिकामी करायची नव्हती. गल्लीतून जाताना परत तोच प्रश्न ऐकायचा नव्हता. वडिलांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मग उद्या त्या एजंटलाच विचार. तुझ्याआधी त्या जागेवर कोण होतं, एवढंच विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एजंटकडे गेले. तो टाइपरायटरची फीत बदलत होता, बोटं काळीनिळी झालेली.

"सर, माझ्याआधी या जागेवर कोण होतं?"

त्याने वर पाहिलं नाही. "कोणीच न्हाई. बिलकुल नवी जागा आहे."

"भोकरदन तालुक्यातली एक बाई होती असं ऐकलं."

"कोण म्हणलं?"

त्याने बोटं फडक्याला पुसली, एकेक करून, सावकाश. "लोक काहीबाही सांगतात. तुमचं चांगलं बघवत न्हाई कोणाला. जल्दी निघायची तयारी करा. तारीख आठ दिवस अलीकडं आली आहे."

तो खोटं बोलला नसता, आधी एक बाई होती म्हणाला असता, तर मी कदाचित गेले असते. हे मी स्वतःशी बरेचदा कबूल केलं आहे. पण त्याच्या त्या "कोणीच न्हाई"नंतर मला जायचं नव्हतं. मी म्हटलं, "माझा पासपोर्ट द्या."

"तो मुंबईला गेला. व्हिसासाठी."

"कधी परत येईल?"

"तो आता तुमच्याबरोबरच विमानात बसंल," तो म्हणाला आणि हसला.

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. पुढचे चार दिवस वडील शाळा सुटल्यावर रोज तिथे जात होते आणि रोज तेच उत्तर घेऊन येत होते. पाचव्या दिवशी घरासमोर एक मोटारसायकल थांबली. त्यावरचा अनोळखी माणूस आईला म्हणाला, "बाईंनी कागदावर सही केली आहे. आता नाही म्हटलं तर केस होईल. विचार करा." आईने दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती मला एकटीला नळावरही जाऊ देत नव्हती. माझा धाकटा भाऊ शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी ती गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन उभी राहायची.

मंगळवारी वडिलांनी रजा टाकली. धावड्याचा म्हातारा दर मंगळवारी लेकीची खबर विचारायला एजंटकडे यायचा, हे त्यांनी त्याच्या बोलण्यातून हेरलं होतं. दोघं इन्स्टिट्यूटच्या बाकावर शेजारी शेजारी जाऊन बसले. सकाळी दहाला. आपणहून ते काहीच बोलत नव्हते. फक्त बसले. टायपिंगला येणारी मुलं-मुली बघायची. जी विचारायची त्यांना म्हातारा सांगायचा, "माझी लेक यांनी परदेशात नेली, तिची वाट पाहून राह्यलो." आणि वडील सांगायचे, "माझ्या मुलीचा पासपोर्ट यांच्याकडं आहे." तेवढंच. आवाज न चढवता, दिवसभर.

दुपारनंतर मुलं येईनाशी झाली. पाच वाजता एजंटने टेबलाचा खालचा खण उघडला आणि पासपोर्ट वडिलांच्या मांडीवर टाकला. तो कुठे गेलाच नव्हता. वडील सांगत होते, खणात त्याखाली अजून तीनचार पासपोर्ट होते.

महिन्याभरात इन्स्टिट्यूट बंद झालं. टाइपरायटर कोणीतरी टेम्पोत भरून नेले. आम्ही पोलिसात गेलो. त्यांनी अर्ज घेतला आणि म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, स्वतःहून गेली आहे, खुशाल असल्याचं तिच्या हातचं पत्र आहे.

मग मी लिहायला बसले. त्या देशातल्या आपल्या वकिलातीला, दिल्लीच्या खात्याला, जिथे जिथे लिहिता येईल तिथे. दर पंधरा दिवसांनी म्हातारा यायचा, धावड्याहून एसटीने, पिशवीत कधी शेंगा, कधी हुरडा घेऊन. मी इंग्रजीत लिहायची, मराठीत वाचून दाखवायची, तो खाली सही करायचा. अक्षर जोडून जोडून, जीभ दातांत धरून. पहिल्या पत्रांना उत्तर आलं नाही. मी लेकीच्या चौथ्या पत्राची नक्कल जोडली आणि खाली लिहिलं की या मुलीच्या वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. एम. ए.ला मी पानंच्या पानं लिहिली होती. पण एका वाक्यावर तीन दिवस मी तेव्हाच पहिल्यांदा घालवले.

सात महिन्यांनी उत्तर आलं. त्यानंतर सहा आठवड्यांनी ती परत आली.

म्हातारा तिला आमच्या घरी घेऊन आला तेव्हा ती येऊन पंधरा दिवस झाले होते. माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठी, अंगावर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर. आई तिला आत बोलावत होती, पण ती दाराजवळच्या स्टुलावरच बसली, आणि दार पुढे लोटलं गेलं की पायाने परत उघडायची. तिने चहा घेतला. म्हातारा वडिलांशी बोलत बसला, तेव्हा ती मला म्हणाली, "स्टँडपर्यंत येता का माझ्याबरोबर?"

वाटेत ती बोलली. शाळा होती, पण तीन खोल्यांची, आणि ती दुसऱ्याच महिन्यात बंद झाली. मालकाने तिला स्वतःच्या घरी नेलं. त्याची आणि त्याच्या भावाची मुलं होती, त्यांना शिकवायचं, त्यांचं करायचं, मग घरातलं सगळंच करायचं. दार बाहेरून बंद. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. मारहाण केली नाही, असं ती म्हणाली. मी न विचारताच म्हणाली, आणि दोनदा म्हणाली. पत्र मालकाची बायको वाचायची. मराठी चालणार नाही म्हणाली.

"मला तुमचं नाव तिथंच कळलं," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता.

"मालकीण म्हणायची, तुझ्याच गावाकडून दुसरी येऊन राह्यली. ती आली की तुला सोडू. तुमचा फोटो आल्ता तिच्याकडं. मी पाह्यला. निळी साडी होती तुमची." ती सरळ समोर बघत चालत होती. "मी रोज वाट पाह्यची. गाडी वाजली की वाटायचं, आल्या. मंग एक दिवस ती म्हणाली, ती येत न्हाई. अजून नऊ-दहा महिने राहिले मी त्याच्यानंतर."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार." तिच्या आवाजात राग नव्हता, माया पण नव्हती. "खरं सांगते, मी तेव्हा हा विचार केला न्हाई की तुम्ही आल्यावर तुमचं काय होईल. एकदा पण केला न्हाई."

स्टँड जवळ आलं तसा तिचा पाय हळू पडू लागला. "बाबा तुमच्याकडं पहिल्यांदा कशाला आल्ते, सांगितलं का त्यांनी?"

"पत्र दाखवायला."

तिने मान हलवली. "एजंटनं त्यांना तेच सांगितलेलं. नवी बाई गेली की तुमची येईल. तुम्हाला लांबून दाखवलं बी त्यानंच. जल्दी जा म्हणून सांगायला आल्ते ते तुमच्याकडं. पत्र दाखवायचं त्यांच्या मनात नव्हतं."

"मग दाखवलं का?"

"ते म्हणतात, तुमच्या आईनं पाणी दिलं, मंग ते तोंडातून निघालंच न्हाई."

भोकरदनची गाडी लागलेली होती. म्हातारा मागून येऊन पोचला आणि मला हात जोडून गाडीत चढला. ती दाराजवळच्या सीटवर बसली. खिडकीच्या सीटवरचा माणूस तिला आत सरका म्हणत होता, पण ती सरकली नाही.

मी घरी येऊन आईवडिलांना सगळं सांगितलं. आई ज्वारी निवडत होती, तिचा हात सुपातच राहिला. वडील म्हणाले, "आपण असतो तर काय केलं असतं, कोण सांगणार." पण त्यांचा चेहरा उतरला होता.

पुढच्या हिवाळ्यात म्हातारा पुन्हा आला, हुरड्याची पिशवी घेऊन. वडिलांनी त्याला दादा म्हणून बसवलं, आईने पाणी दिलं, पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या. लेक कुठेच जात नाही, शिकवायचं नाव काढत नाही, कागदाला हात लावत नाही, असं तो म्हणाला. गावात शाळेवर जागा निघाली होती, तरी गेली नाही. पहिल्यांदा तो आमच्याकडे कशाला आला होता, हे आम्ही कोणीच त्याला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मध्ये वडिलांना शेजाऱ्याने हाक मारली. ते उठले, दारापर्यंत गेले, थांबले, आणि त्याला तिथूनच "नंतर येतो" म्हणून सांगून परत येऊन माझ्या आणि म्हाताऱ्याच्या मधल्या खुर्चीवर बसले. म्हाताऱ्याच्या ते ध्यानात आलं. त्याने टोपी डोक्यावर नीट केली, हुरड्याची पिशवी आईकडे सरकवली आणि म्हणाला, "खा, लेकरांनो. कवळा हाय."